स्वस्तातला एडीसी एफपीजीएला जोडताना: डेटा नेमका कधी उचलायचा?

जलद एडीसी (अ‍ॅनालॉग सिग्नलचे आकडे करणारी चिप) एफपीजीएला (आतलं लॉजिक आपल्याला हवं तसं रचता येणारी चिप) जोडण्याचा विषय निघाला की कुणीतरी लगेच जेईएसडी२०४बी (जलद सिरियल जोडणीचं मानक) आणि एफएमसी कार्डांचं (एफपीजीए बोर्डवर चढवायची जोडकार्डं) पुराण लावतं. बजेट तुटपुंजं असेल तर तिकडे फिरकूच नका. एडी९२२६ बसवलेलं तयार मॉड्यूल (१२ बिट, सेकंदाला साडेसहा कोटी नमुने, साधं समांतर आउटपुट) आणि टँग नॅनो ९के हा एफपीजीए बोर्ड, एवढ्यात काम होतं. पुढचं सगळं याच जोडीबद्दल आहे.

जोडण्याआधी मल्टिमीटर काढा. एडी९२२६ ला ५ व्होल्ट लागतात, पण त्याच्या डेटा पिनांवर किती व्होल्ट येणार ते डीआरव्हीडीडी या (आउटपुटच्या सप्लायच्या) पिनवर ठरतं. चिपला तिथे ३ पासून ५ व्होल्टपर्यंत काहीही चालतं, एफपीजीएला चालत नाही. तिथे ३.३ च्या आसपास दिसलं तरच पुढे जा. ९के बोर्डवरच्या काही पिना १.८ व्होल्टच्या बँकेत (एकाच सप्लायवर चालणाऱ्या पिनांच्या गटात) आहेत. स्कीमॅटिक बघून त्या सोडा.

बिटांचा क्रम: डेटाशीटमध्ये 'बिट १' म्हणजे सर्वात वजनदार बिट. आलेख फुटलेल्या काचेसारखा दिसला तर आधी क्रम उलटा करा, मग दुसरा दोष शोधा.

बोर्डवरचा क्रिस्टल २७ मेगाहर्ट्झचा आहे. पीएलएलने (एफपीजीएमधला, क्लॉकची गती बदलणारा भाग) त्याचे ५४ करा आणि तो क्लॉक ओडीडीआरमधून (पिनपाशीच असलेलं, क्लॉक स्वच्छ बाहेर काढणारं रजिस्टर) एडीसीला पाठवा. ६५ चा हट्ट पहिल्याच दिवशी नको.

आता खरी अडचण. मी पहिल्यांदा हे जोडलं तेव्हा साइन वेव्ह देखणी आली, फक्त शून्य ओलांडताना मधूनच उंच काटे. दोन आठवडे मी सप्लायवर कपॅसिटर चढवत बसलो. दोष तिथे नव्हताच. शून्याजवळ आकडा २०४७ वरून २०४८ वर जातो, म्हणजे बाराच्या बारा बिट एकाच वेळी पालटतात. नेमक्या त्या क्षणी डेटा उचलला तर काही बिट जुने, काही नवे, आणि हाती कुठलाही आकडा. इतरत्र दोन-तीनच बिट बदलतात, म्हणून चूक लपते.

क्लॉक एफपीजीएच्या पिनमधून निघतो, वायरमधून जातो (२० सेंटिमीटरला साधारण १ नॅनोसेकंद), त्यानंतर एडीसी ३.५ ते ७ नॅनोसेकंदांनी डेटा बदलतो, आणि तो डेटा पुन्हा वायरीतून परत येतो. शिवाय एफपीजीएच्या पिनांचा स्वतःचा उशीर. ही बेरीज कागदावर करण्यात वेळ घालवू नका, आणि सिम्युलेशनला तर तुमची वायर दिसतच नाही.

यावर मिळणारा ठरलेला सल्ला म्हणजे 'क्लॉक उलटा करून बघा'. नशीब असेल तर चालतं. माझंही चाललं होतं, एक एलईडी लुकलुकवायची ओळ कोडमध्ये घालेपर्यंत. नव्याने सिंथेसिस (कोडचं सर्किटमध्ये रूपांतर) झालं, रजिस्टरांच्या जागा हलल्या आणि काटे परत आले. म्हणून डेटा पकडणारी बारा रजिस्टरं आयओ ब्लॉकमध्येच (पिनेला लागून असलेल्या भागात) बसवा. प्लेस अँड राउटच्या (चिपवर जागा आणि वाटा ठरवणाऱ्या टप्प्याच्या) सेटिंगमध्ये तसा पर्याय आहे. हे केल्याशिवाय पुढचं मोजमाप फुकट आहे.

मग मोजा. पीएलएलमधून दोन क्लॉक काढा: एक एडीसीला, दुसरा डेटा पकडायला. दुसऱ्याची फेज (पहिल्याच्या तुलनेत तो किती मागेपुढे) २२.५ अंशांच्या सोळा पायऱ्यांनी सरकवता येते. ५४ मेगाहर्ट्झला एक पायरी म्हणजे सुमारे १.१६ नॅनोसेकंद. इनपुटला फंक्शन जनरेटर हवाच असं नाही, मोबाइलच्या हेडफोन जॅकमधून १ किलोहर्ट्झचा टोन दिला तरी भागतं. इतक्या संथ सिग्नलमध्ये लागोपाठच्या दोन नमुन्यांत नॉइजपुरताच फरक पडायला हवा. फरक ३२ च्या वर गेला की चूक धरायची आणि एफपीजीएमध्येच काउंटर वाढवायचा. प्रत्येक फेजला एक सेकंद, म्हणजे ५.४ कोटी नमुने. माझ्याकडे सलग चार फेजना हजारोंनी चुका आल्या, उरलेल्या बारांना शून्य. निवडायची ती त्या बारांच्या मधली. पहिलं शून्य दिसताच थांबू नका. ते कड्याच्या टोकावर उभं राहणं आहे, मे महिन्याच्या दुपारी बोर्ड तापला की घसरतं.

सोळाही फेजना चुका येत असतील तर दोष वेळेचा नाही, ग्राउंडचा आहे. बारा बिट एकदम पालटताना त्यांचा सगळा करंट एकाच ग्राउंडच्या वायरीतून परतत असतो. दर तीन-चार सिग्नलमागे एक ग्राउंड द्या, वायरी १० सेंटिमीटरच्या आत ठेवा, आणि प्रत्येक डेटा लाइनवर एडीसीच्या बाजूला ३३ ओहमचा रेझिस्टर लावा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर हे रेझिस्टर चिल्लरीत मिळतात. ब्रेडबोर्ड मात्र मध्ये आणू नका, कितीही मोह झाला तरी.

पुढचं सोपं आहे. सगळं लॉजिक डेटा पकडणाऱ्या त्या दुसऱ्या क्लॉकवरच चालवा. १६,३८४ नमुने ब्लॉक रॅममध्ये (एफपीजीएमधली मेमरी) साठवा आणि यूएआरटीवरून (साधा सिरियल पोर्ट) सावकाश बाहेर काढा. सेकंदाला ११५२०० बिटांच्या वेगाने तीनेक सेकंद लागतात. सलग प्रवाह हवा असेल तर सेकंदाला ६४.८ कोटी बिट वाहून न्यावे लागतील, ते यूएआरटीचं काम नाही.

आणि बारा बिटांची जाहिरात वाचून हुरळू नका. क्लॉकमध्ये १०० पिकोसेकंदांचा जिटर (ठोक्यांच्या वेळेतली थरथर) असला, तर १० मेगाहर्ट्झच्या सिग्नलला ४४ डेसिबलच एसएनआर (सिग्नल आणि नॉइज यांचं गुणोत्तर) मिळतो, म्हणजे जेमतेम सात बिट. ऑडिओसारख्या संथ सिग्नलला याचं काही वाटत नाही. रेडिओचा सिग्नल घ्यायचा असेल तर पीएलएलचा क्लॉक एडीसीला देऊ नका. वेगळा ऑसिलेटर लावा, तोच एडीसीला आणि एफपीजीएलाही द्या, आणि सोळा फेजचं मोजमाप पुन्हा पहिल्यापासून करा.