प्रोजेक्टच्या गटात बोलणं जुळवायचं कसं?

जळगावच्या कॉलेजात प्रोजेक्टसाठी गट पडले की एकाच टेबलाभोवती धुळ्याची अहिराणी, यावल-रावेरची लेवा गणबोली आणि धडगावची पावरी येऊन बसू शकते. सुरुवातीलाच ठरवा: कुणाची बोली सुधारायची नाही. टोकलेला मुलगा पुढच्या बैठकीला तोंड उघडत नाही, आणि त्याला ठाऊक असलेलं त्याच्यापाशीच राहतं.

जुळवायचे ते कामाचे शब्द. समजा, विषय आहे केळीच्या बागेतलं ठिबक. एक जण ‘नळी’ म्हणतो, दुसरा त्याच ओळीतल्या बारीक नळीला ‘लॅटरल’, तिसऱ्याच्या डोक्यात मुख्य पाइप. मोठ्या कागदावर अशा वस्तूंची चित्रं काढा आणि प्रत्येकीपुढे सगळ्यांना पटलेलं एकच नाव लिहा. बोलीतलं असलं तरी बिघडत नाही. ‘झालं’ म्हणजे काय, तेही आधी ठरवा. कच्चं लिहून झालं, की तपासून? कुणी “मन्हं काम व्हई गयं” म्हणालं की लगेच विचारा, कुठवर?

मग कामं वाटून पांगू नका, रोज दहा मिनिटं तरी भेटा. क्लार्क आणि विल्क्स-गिब्स यांच्या १९८६ च्या प्रयोगात एकाने पडद्याआडून १२ आकृत्यांचं वर्णन करायचं आणि जोडीदाराने आपल्याकडच्या आकृत्या त्याच क्रमाने लावायच्या, असा खेळ होता. ६ फेऱ्यांत लांबलचक वर्णनं मोजक्या शब्दांवर आली. हे दोघांच्या बोलण्यातूनच घडतं, नुसत्या ऐकण्यातून नाही. म्हणून “समजलं ना?” विचारू नका, त्यावर सगळेच मान डोलावतात. ऐकणाऱ्याला त्याच्या शब्दांत परत सांगायला लावा.

महत्त्वाचं काही ठरवायचं असेल तर समोरासमोर बसा. गोन्झालेस, हॅनकॉक आणि पेनेबेकर यांच्या २०१० च्या इंग्रजीतल्या अभ्यासात सर्वनामं, अव्ययं अशा बारक्या शब्दांची ढब ज्या गटांत जास्त जुळली, तिथे एकोपाही जास्त दिसला. चॅटवरही तसंच होतं. पण काम सरस होण्याशी तिचा संबंध दिसला तो समोरासमोर बसलेल्या गटांतच. अर्थात ढब आपोआप जुळू द्या. मुद्दाम कुणाचा हेल काढाल तर ती टिंगल वाटेल, आणि बहुतेक वेळा ती असतेच.

उशिरा आलेल्या सदस्याला पहिल्या दिवशी तो नावांचा कागद वाचून दाखवा. सादरीकरणाआधी गटाबाहेरच्या एखाद्याला सगळं ऐकवा; तो जिथे अडेल, तिथे पुस्तकातला शब्द घाला.