जुन्या कॅसेटचा आवाज साफ करताना फ्रिक्वेन्सी ॲनालायझर कसा वापरायचा

आपल्या कोल्हापुरात घराघरात अजून जुन्या कॅसेटी पडून आहेत, कुणाकडं आजोबांचं भजन, कुणाकडं शाहिराचा पोवाडा. ते कॉम्प्युटरवर घेतलं की लगेच इक्वलायझरला (जाड-बारीक आवाज कमी-जास्त करायच्या टूलला) हात लावू नका, पहिलं ॲनालायझर उघडा, म्हणजे कुठल्या फ्रिक्वेन्सीला आवाजाचा किती जोर आहे ते दाखवणारा ग्राफ. ऑडॅसिटी हे आवाज एडिट करायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात प्लॉट स्पेक्ट्रम नावानं हा ग्राफ मिळतो.

गाणं सुरू व्हायच्या आधीचा मोकळा तुकडा असतो ना, नुसती खरखर, तेवढाच सिलेक्ट करून बघा. 50 हर्ट्झला टोक दिसलं तर ती लाइटची घरघर, आपल्याकडं वीजच 50 ची आहे, आणि मग 100, 150 लापण टोकं असतात बहुतेक. त्या ग्राफची साइझ (किती बारकाईनं मोजायचं तो आकडा) 16384 ठेवा, लै कमी ठेवली तर खालची टोकं एकमेकांत मिसळतात आणि नेमकं कुठं कापायचं तेच कळत नाही. टोक 50 च्या जरा इकडंतिकडं असेल तर कॅसेट फास्ट-स्लो चाललीय का ते तपासा, कारण टेपवर उतरलेली घरघर स्पीडबरोबर सरकते, त्यामुळं स्पीड आधी, घरघर नंतर.

प्रत्येक टोकावर बारीक नॉच मारा, म्हणजे तेवढीच फ्रिक्वेन्सी कापणारा फिल्टर. रुंद कापलंत तर डफाचा घुमारा गेलाच म्हणून समजा!

वरची हिस, म्हणजे टेपचा सस्स आवाज, सगळीकडं पसरलेली असते, ती पार शून्य करू नका, तुणतुण्याची धारपण तिथंच आहे. प्रत्येक बदल चालू-बंद करून हेडफोनवर ऐका, ग्राफ देखणा दिसला तरी कानाला पटलं नाही तर अंडू करा.