‘फोड’ हा शब्द नेमका कसा वापरावा

मराठीत ‘फोड’ या एकाच उच्चाराचे दोन शब्द आहेत आणि लिहिताना त्यांची गफलत टाळायची असेल, तर प्रथम लिंग पाहावे. कातडीवर येतो तो फोड पुल्लिंगी. आंब्याची, लिंबाची किंवा लोणच्याची असते ती फोड स्त्रीलिंगी. त्यामुळे ‘अंगठ्यावर फोड आला’ आणि ‘पानात लोणच्याची एकच फोड आली’ या वाक्यांत कोणाचाही गोंधळ होत नाही. अनेकवचनात पुल्लिंगी शब्द बदलत नाही (‘टाचेला दोन फोड आले’), स्त्रीलिंगी शब्दाचे मात्र ‘फोडी’ होते. विभक्ती लागताना पहिल्याची रूपे ‘फोडाला, फोडांतून’ अशी आणि दुसऱ्याची ‘फोडीला, फोडींना’ अशी होतात. हिंदीच्या सहवासाने काही जण ‘पायाला फोडे आले’ असे लिहितात. प्रमाण मराठीत हे रूप चालत नाही. दोन्ही शब्दांचे नाते अखेर ‘फोडणे’ या क्रियापदाशी आणि त्याच्याही मागे संस्कृतातील ‘स्फोट’ या शब्दाशी पोहोचते, हे लक्षात आले की फुगून फुटू पाहणारी कातडी आणि फोडून वेगळा केलेला तुकडा यांना एकच नाव का मिळाले, याचे कोडे राहत नाही.

पुल्लिंगी ‘फोड’ एकटा वापरला, तर तो बराच संदिग्ध राहतो. घासल्याने किंवा भाजल्याने कातडीचा वरचा थर सुटून त्याखाली पाणी साचते, त्यालाही फोड म्हणतात आणि पू धरलेल्या दुखऱ्या उठाण्यालाही बोलण्यात सरसकट फोडच म्हटले जाते. म्हणून लेखनात त्याला विशेषण जोडण्याची सवय ठेवावी: पाण्याचा फोड, पुवाचा फोड, रक्ताचा फोड, भाजल्याचा फोड. पू धरलेल्या प्रकाराला मराठीत स्वतंत्र शब्दांची वाण नाही. लहान असेल तर पुळी किंवा पुटकुळी, मोठे आणि ठणकणारे असेल तर गळू, करट किंवा बेंड, केसाच्या मुळाशी आलेले असेल तर केस्तूड आणि काखेत आलेले असेल तर काखमांजरी. इतकी नावे हाताशी असताना प्रत्येक उठाण्याला फोड म्हणणे म्हणजे भाषेची उधळमाधळ नव्हे, उलट कंजुषी आहे. माझ्या मते ‘फोड’ हा शब्द होता होईल तो पाणी धरलेल्या कातडीसाठी राखून ठेवावा. घामोळे, गांधी आणि पुरळ यांना तर चुकूनही फोड म्हणू नये, कारण गांधींत कातडी फुगते पण पाणी धरत नाही, आणि घामोळ्याचे बारीक दाणे फोडाच्या मापात बसत नाहीत.

विशेषणापेक्षाही अधिक काम करते ते क्रियापद. फोड ‘येतो’ किंवा ‘उठतो’. त्यात पाणी ‘भरते’ किंवा ‘धरते’. तो ‘टचटचीत होतो’, मग ‘बसतो’ किंवा ‘फुटतो’, ‘सुकतो’ आणि त्यावर ‘खपली धरते’. जंतूंचा शिरकाव झाला तर तो ‘पिकतो’, ‘ठणकतो’, ‘चिघळतो’. यांतले कोणते क्रियापद निवडले, यावरून ऐकणाऱ्याला दुखण्याची अवस्था समजते. ‘फोड बसला’ याचा अर्थ तो न फुटताच आतले पाणी जिरले, असा आहे, आणि ‘फोड सुकला’ म्हटले की तो फुटलेला असण्याचीही शक्यता असते. ‘फुटणे’ आणि ‘फोडणे’ यांतला फरक तर विशेष जपावा, कारण पहिले आपोआप घडते आणि दुसरे कोणीतरी करते. प्रथमोपचाराच्या तक्त्यांवर ‘भाजल्याचे फोड फोडू नयेत’ असे वाक्य असते. त्यातले नाम आणि क्रियापद शेजारीशेजारी आल्याने कानाला जरा खटकते, तरी व्याकरणाने ते निर्दोष आहे. खटकत असेलच तर ‘फोडांना सुई लावू नये’ असे लिहावे. सल्लाही योग्यच आहे: फोडावरची कातडी शाबूत असेतो ती खालच्या कोवळ्या त्वचेचे जंतूंपासून रक्षण करते.

भाजण्याच्या संदर्भात हा शब्द अधिक काटेकोरपणे वापरावा लागतो. ‘चटका बसला’ एवढ्याने फोड आला असे होत नाही. कातडी लाल होऊन आग होते आणि काही दिवसांत ती पूर्ववत होते. फोड आला याचा अर्थ इजा वरच्या थराखाली पोहोचली आहे. म्हणून डॉक्टरांना दूरध्वनीवर सांगताना ‘हात पोळला आहे’ इतकेच न सांगता, ‘कुकरच्या वाफेने मनगट पोळले आहे, वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटे धरले आहे, रुपयाएवढा एक पाण्याचा फोड आला आहे, तो फुटलेला नाही’ असे सांगावे. या एका वाक्यात कारण, जागा, उपचार, आकार आणि अवस्था एवढे सगळे येते. मूळ जखमेवर हळद, टूथपेस्ट किंवा तूप चोपडले असेल, तर तेही लपवू नये.

काही फोडांना मराठीने स्वतःची क्रियापदे दिली आहेत. बिब्ब्याचा काळा, तेलकट रस अंगाला लागून कातडीवर फोड उठले, तर ‘बिब्ब्याने फोड आले’ असे म्हणण्याऐवजी ‘बिब्बा उतला’ असे म्हणतात. कपड्यांवर न पुसली जाणारी खूण करण्यासाठी धोबी हाच रस वापरत असत. ज्यांच्या घरात बिब्ब्याचा वापर कधी झालाच नाही, त्यांना हा शब्दप्रयोग आज परका वाटेल, पण ग्रामीण भागावर लिहिणाऱ्याने तो हाताशी ठेवावा. आंबा हे बिब्ब्याच्याच कुळातले झाड असल्याने कैरी उतरवताना देठाचा चीक ओठाला वा गालाला लागला, तर तिथेही फोड उठतात. त्यासाठी ‘चीक लागला’ एवढे म्हटले तरी पुरते.

जिथे हा शब्द सुचतो पण वापरू नये, अशाही जागा आहेत. तोंडाच्या आतल्या दुखऱ्या चट्ट्यांसाठी मराठी माणूस ‘तोंड आले आहे’ असे म्हणतो. ‘तोंडात फोड झाले आहेत’ हे बहुधा भाषांतर करणाऱ्याचे वाक्य असते. कांजिण्या ‘येतात’, गोवर ‘निघतो’, नागीण ‘उठते’. या आजारांच्या वर्णनात ‘फोड’ शब्द येऊ शकतो (‘कांजिण्यांचे फोड’), परंतु आजाराचे नाव घेतल्यावर क्रियापद त्या नावाचे लागते. देवीच्या बाबतीतही ‘अंगावर देवी आल्या’ असेच म्हणत. १९८० साली जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर झाल्यानंतर हा प्रयोग बोलण्यातून गेला, आणि जुन्या लेखनात भेटला तर त्यातल्या अनेकवचनाने आजच्या वाचकाची फसगत होऊ शकते.

श्रमाच्या संदर्भात ‘हाताला फोड येणे’ याचा अर्थ कातडीपुरता राहत नाही. पहिल्यांदाच कुदळ धरणाऱ्याच्या हाताला फोड येतात. वर्षानुवर्षे धरणाऱ्याच्या हाताला घट्टे पडतात. त्यामुळे ‘खुरपे धरताच फोड आले’ हे वाक्य त्या माणसाला कामाची सवय नाही, हे न बोलता सांगते, आणि मुरलेल्या ऊसतोड कामगाराच्या वर्णनात ‘हाताला फोड’ लिहिणाऱ्याला कोयता कसा धरतात हे ठाऊक नसावे, अशी शंका येते. पायांचे तसे नाही. आळंदीहून पंढरपूरकडे निघालेल्या वारीत वर्षांमागून वर्षे चालणाऱ्यांच्याही पायांना फोड येतात, विशेषतः पावसात वहाणेचा पट्टा भिजून घासू लागला की. त्या पट्ट्याबद्दल ‘वहाण चावते’ किंवा ‘चप्पल लागते’ असे म्हणतात, आणि फोड ही त्याची पुढची पायरी.

राहता राहिला वाक्प्रचार. ‘तळहाताच्या फोडासारखे जपणे’ हा प्रयोग इतका रुळला आहे की त्यातला फोड आता कोणाला दुखत नाही, हीच त्याची अडचण आहे. प्रत्येक कामात तळहात लागतो. तिथे फोड असेल तर दाराची कडी लावताना, पोळी लाटताना, पिशवी उचलताना, दर क्षणी त्याला वाचवावे लागते. म्हणजे या प्रयोगात नाजूकपणा, सततचे भान आणि जपणाऱ्याला होणारी थोडीफार अडचण असे तिन्ही अर्थ आहेत. गारपिटीनंतर वर्तमानपत्रांत येणारे ‘तळहाताच्या फोडाप्रमाणे जपलेली द्राक्षबाग भुईसपाट’ हे शीर्षक कितीही गुळगुळीत झाले असले, तरी अर्थाने चपखल आहे, कारण द्राक्षबागेला खरोखरच रोजचा हात लागतो. याउलट बँकेच्या लॉकरमध्ये ठेवून वर्षभर न पाहिलेल्या दागिन्यांना हा प्रयोग शोभत नाही. पहारा सुचवायचा असेल, तर ‘डोळ्यांत तेल घालून’ हा प्रयोग आहे; तिजोरीच्या राखणदाराने तळहाताचा फोड मध्ये आणू नये.

व्याकरणाची एक बारीक गोष्ट इथे सांगायला हवी. कर्माला ‘ला’ लागला असेल, तर क्रियापद नपुंसकलिंगी राहते: ‘आजीने नातीला तळहाताच्या फोडासारखे जपले’. ‘ला’ नसेल, तर विशेषण आणि क्रियापद दोन्ही कर्माप्रमाणे चालतात: ‘त्यांनी ती बाग तळहाताच्या फोडासारखी जपली’. ‘नातीला फोडासारखी जपली’ अशी सरमिसळ बोलण्यात खपून जाते, छापील मजकुरात टाळावी. लिंगाचा हा विचार नको असेल, तर ‘फोडाप्रमाणे’ लिहावे. ते रूप कोणत्याही लिंगवचनात बदलत नाही.

हिशेबाच्या कागदांत भेटणारी ‘खर्चाची फोड’ ही मात्र पुन्हा स्त्रीलिंगी आहे, तिचा कातडीशी संबंध नाही, आणि तिचे अनेकवचन करण्याची वेळ सहसा येत नाही.