शाळूवर पाखरं पडतायत? या चुका टाळा

शाळूची, म्हणजे रब्बी ज्वारीची, कणसं दुधात आली की आमच्या शिवारात दिवस उजाडताच डबे वाजायला लागतात. आठ दिवस वाजतात, मग हात दुखतात आणि पाखरं तिथंच असतात. मी लहान होतो तेव्हापासून हे बघतोय. माझ्या मते खरी चूक डबे वाजवण्यात नाही. कोणतं पाखरू आलंय हे न बघताच आपण ते वाजवायला लागतो, तिथं चुकतं.

सगळ्यांना एकाच मापानं मोजू नका

नुकसान कसं झालंय ते आधी बघा. चिमण्या आणि मुनिया कणसावर बसून दुधाळ दाणा चोचीत चिरडतात, सालपटं तिथंच चिकटलेली दिसतात. राघू खातो थोडं आणि नासतो जास्त. सूर्यफुलाचे दाणे कडेनं कुरतडतो, मक्याचं कणीस सोलून अर्धवट टाकतो. पारवा आणि होला जमिनीवरचं टिपतात, उभ्या कणसाला लटकून खाणं त्यांना जमत नाही. पेरल्यावर बी गायब होत असेल तर या दोघांकडं बघा. तिथं बुजगावण्यापेक्षा बी नीट मातीआड करणं जास्त कामाचं.

आणि भोरड्या, म्हणजे गुलाबी मैना. काळं चकचकीत डोकं, काळे पंख, गुलाबी अंग. पिल्लं मात्र मातकट असतात, म्हणून ओळखू येत नाहीत. मध्य आशियात वीण उरकून त्या पावसाळा सरताना आपल्याकडं उतरतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परत जातात. संध्याकाळी त्यांचा थवा आभाळात वळतो तेव्हा हातातलं काम थांबतं. शाळूत पडल्या तर त्या दाणा खातातच, ते नाकारून चालणार नाही. पण हरभऱ्यात उतरल्या तर हाकलायला धावू नका. तिथं त्या घाटेअळी आणि नाकतोडे वेचत असतात. एकीकडं फवारणीला पैसे घालायचे आणि दुसरीकडं फुकटचे राखणदार हुसकायचे, हे मला फार लागतं. हरभऱ्यात उलट एकरी 20 पक्षीथांबे लावा. काटकीला आडवी काटकी बांधली की झालं. तुरीत मधूनमधून ज्वारीचं बी टाकलं तरी ते धांडे थांब्याचं काम करतात.

उशिरा सुरुवात

ही सगळ्यात महाग पडणारी चूक. थव्याला एकदा तुमच्या वावराची चव लागली की तो रोज त्याच वेळेला येतो. राखण कणसं निसवताच, दाणा दुधात यायच्या आधी सुरू करा. तिथून दाणा टणक होईपर्यंतचे तीन-चार आठवडे महत्त्वाचे. त्यातही उजाडल्यापासूनचे दोन-तीन तास आणि दिवस मावळायच्या आधीचे दोन तास. भर दुपारी माळ्यावर बसून घसा बसवून घेऊ नका, तेव्हा पाखरं बहुधा सावलीला असतात.

तीच वस्तू, तीच जागा

चमकणारी फीत बांधली, पहिले चार दिवस वावर मोकळं राहिलं, पाचव्या दिवशी चिमण्या तिच्याशेजारीच बसल्या. हे प्रत्येकानं पाहिलंय. पाखरू धोका मोजतं. ज्यानं काही होत नाही त्याला ते भीत नाही. दर दोन-तीन दिवसांनी वस्तूची जागा बदला, फीत आणि आवाज आलटून पालटून वापरा, आणि मधून माणूस स्वतः फिरू द्या. फीत ताणून सपाट बांधली तर चमकत नाही, दोन-तीन पीळ देऊन बांधा, म्हणजे वाऱ्यावर आवाजही करते. गोफण अजूनही उत्तम, फक्त रस्त्याच्या दिशेनं नको. कार्बाइडच्या तोफेपासून मात्र लांब राहा. तिच्यानं डोळे जातात.

एकट्यानं पेरणी

एका वर्षी आमचा शाळू आसपासच्या सगळ्यांपेक्षा पंधरा दिवस आधी दुधात आला. गावची सगळी पाखरं आमच्याच दोन एकरांवर पडली. शेजाऱ्यांचा शाळू दुधात आला तेव्हा पाखरं पांगलेली होती. तेव्हापासून आम्ही चार बांधकरी बोलून एकाच आठवड्यात तिफण धरतो. थवा तेवढाच असतो, पण नुकसान वाटलं जातं.

विष आणि बारीक जाळं

औषध लावलेले दाणे बांधावर टाकू नका. ते चिमणी खाते, मोर खातो, आणि मेलेलं पाखरू कुत्रं ओढून आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घराकडं आणतं. बीड जिल्ह्यात नायगावला मोरांसाठी अभयारण्य आहे, त्या भागातल्या वावरांत हे किती घातक ठरेल ते सांगायला नको. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 प्रमाणे हा गुन्हाही आहे, आणि राघू धरून पिंजऱ्यात ठेवणं हासुद्धा. बारीक नायलॉनच्या जाळ्यात रात्री गव्हाणी घुबड अडकतं. तेच तुमचे उंदीर मारत असतं.

घर आणि गोदाम

इथला त्रास बहुतेक पारव्यांचा. मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, गोदामापुढं सांडलेलं धान्य रोज झाडलं नाही, तर वर कितीही जाळ्या लावा, पारवे हटत नाहीत. जाळीचं छिद्र पारव्यासाठी 50 मिलिमीटर चालतं, चिमणी अडवायची तर 20 मिलिमीटरच्या आत हवं. सज्ज्यावर तिरकी फळी 45 अंशांपेक्षा जास्त उताराची लावली तर पारव्याला बसता येत नाही.

जाळी ठोकण्याआधी आत अंडी-पिल्लं आहेत का ते बघाच. आमच्या ओळखीच्या एका घरात हे बघितलं नाही. पिल्लं आत मेली, महिनाभर वास गेला नाही. पारव्याची अंडी 17-19 दिवसांत फुटतात आणि पिल्लू उडायला महिना-सव्वा महिना लागतो, तेवढं थांबा. छताखालची पाकोळ्यांची घरटी मात्र राहू द्या, त्या उडते किडे खातात आणि धान्याला तोंडही लावत नाहीत.

विष्ठा कोरडी झाडू नका. तिच्या धुळीतून फुफ्फुसांचे आजार होतात. आधी पाणी शिंपडा, ओली खरवडा, तोंडाला मास्क बांधा, आणि दम्याच्या माणसाला त्या कामाला लावू नका. गच्चीवरच्या टाकीचं झाकणही त्याच दिवशी बसवून घ्या.