पत्ता फोडायचा तर पिनकोडपासून

एक्सेलमधले पत्ते वेगवेगळ्या रकान्यांत फोडताना आधी शेवटचा पिनकोड काढून घ्या. फ्लॅट नंबर, सोसायटी, 'मारुती मंदिरामागे' यांत किती स्वल्पविराम पडतील याचा नेम नसतो; पिनकोड मात्र सहाच आकडी. ट्रिमने कडेच्या मोकळ्या जागा उडवा, मग राइट फॉर्म्युल्याने शेवटची 6 अक्षरं घ्या. '422 003' असं तोडून लिहिलं असेल तर आधी जोडून घ्या, नाहीतर पंचवटीच्या या पिनकोडातला पहिला 4 गळतो. उरलेला पत्ता टेक्स्ट टू कॉलम्सने स्वल्पविरामावरच फोडा. स्पेसवर फोडलात की 'नाशिक रोड'मधलं नाशिक एका रकान्यात, रोड दुसऱ्यात! उजवीकडे चार-पाच रिकामे कॉलम मात्र आधीच घाला. शेजारचा मजकूर गेला तर फार हळहळ वाटते.