नसांच्या दुखण्याची गोळी घेताना या चुका टाळा

नागीण बरी होते, पण आग महिनोन्‌महिने राहते. मधुमेहात तळपायांना मुंग्या येतात, रात्री चटके बसतात. अशा दुखण्यावर डॉक्टर गॅबापेन्टिन किंवा प्रीगॅबालिन देतात. मग घरातलं कोणीतरी मोबाईलवर नाव शोधतं, "अहो बाबा, ही तर फिटची गोळी!" आणि गोळी कपाटात जाते.

घाबरू नका. गॅबापेन्टिनला अमेरिकेत १९९३ मध्ये फिटसाठी मंजुरी मिळाली, २००२ मध्ये नागिणीनंतरच्या वेदनेसाठीही. या गोळ्या चेतापेशींमध्ये कॅल्शियम शिरण्याच्या वाटेवर काम करतात आणि उगाच भडकलेल्या नसांना शांत करतात.

दुसरी चूक सर्रास दिसते: दुखलं तरच गोळी घ्यायची. ही क्रोसिन नव्हे. रोज ठरल्या वेळी घेतली तर फरक कळायला काही दिवस, कधी काही आठवडे लागतात. चार दिवसांत "काही उपयोग नाही" म्हणू नये, आणि मनाने डोस तर मुळीच वाढवू नये. गॅबापेन्टिनचा डोस जसा वाढतो तसं त्यातलं कमी प्रमाण अंगी लागतं. गुंगी आणि चक्कर मात्र वाढू शकते. वयस्कर माणूस रात्री बाथरूमला उठताना पडतो तो अशानेच.

बरं वाटलं म्हणून एकदम बंद करणं सगळ्यांत वाईट. झोप उडते, घाम फुटतो, जीव घाबरतो. फिटच्या रुग्णाला तर लागोपाठ फिट येऊ शकतात. डोस हळूहळू उतरवायचा, तोही डॉक्टरांना विचारून.

आपल्याकडे आणखी एक घोळ होतो. हाडांचे डॉक्टर प्रीगॅबालिन आणि मिथाइलकोबालामिनची (म्हणजे बी-१२ जीवनसत्त्वाची) एकत्र गोळी देतात, शुगरचे डॉक्टर दुसऱ्या कंपनीची तशीच. नावं वेगळी, औषध तेच, डोस दुप्पट. पट्टीच्या मागची बारीक अक्षरं वाचा, नाहीतर सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवा. ट्रामाडॉल हे जोरदार वेदनाशामक किंवा झोपेची गोळी चालू असेल तर तेही सांगा, आणि दारू नकोच. श्वास मंदावण्याचा धोका असतो.

ही दोन्ही औषधं मूत्रपिंडावाटे बाहेर पडतात. रक्ततपासणीत क्रिएटिनिन वाढलेलं असेल, म्हणजे मूत्रपिंडाचं काम मंदावलेलं असेल, तर डोस कमी लागतो, म्हणून जुना रिपोर्ट सोबत न्या. ॲसिडिटीचं पातळ औषध घेतलं असेल तर गॅबापेन्टिन त्यानंतर दोन तासांनी घ्या.