चाकणची शेती किती गेली ते सॅटेलाइटवर बघताय? या चुका टाळा

चाकण एमआयडीसीच्या आसपासची शेती किती गेली ते नकाशावर काढायचंय असं बरेच जण विचारतात, कुणाचा कॉलेजचा प्रोजेक्ट असतो तर कुणाला गावासाठी पाहिजे असतं. लँडसॅट, सेंटिनेल या उपग्रहांच्या इमेज फुकट मिळतात, काम जमतं, पण काही चुका हमखास होतात.

सगळ्यात मोठी चूक महिन्याची. जुनी इमेज ऑक्टोबरची, नवी मे महिन्यातली, मग सॉफ्टवेअर म्हणणारच हिरवळ गेली. अहो मे मध्ये खेड तालुक्यातलं कोरडवाहू रान नांगरून उघडंच पडलेलं असतं. मी पण पहिल्यांदा हेच केलं, नकाशा गावात नेला तर शेती गेली म्हणून मी लाल दाखवलेल्या भागावर एका आजोबांनी बोट ठेवलं, "हे माझं रान, इथं दरवर्षी कांदा असतो." तेव्हापासून दोन्ही वर्षांच्या इमेज एकाच महिन्यातल्या घेतो आणि खरीप, रब्बी दोन्ही बघतो, दोन्ही हंगामांत जे उघडं दिसतं तेवढंच संशयाचं.

दुसरी चूक पिक्सेलची. लँडसॅटचा एक पिक्सेल, म्हणजे इमेजमधला सगळ्यात लहान चौकोन, ३० बाय ३० मीटर म्हणजे जवळजवळ ९ गुंठे, त्यात चार गुंठ्यांचं वर्कशॉप कुठून दिसणार? सेंटिनेल-२ चा पिक्सेल १० मीटरचा, साधारण एक गुंठा, पण तो उपग्रह २०१५ मध्ये अवकाशात सोडला, त्यामुळे चाकणचा फोक्सवॅगनचा कारखाना २००९ ला सुरू झाला त्या काळासाठी लँडसॅटच वापरावा लागतो. त्यातही लँडसॅट ७ च्या मे २००३ नंतरच्या इमेजवर काळे पट्टे येतात, लँडसॅट ५ ची मिळते का बघा.

तळेगावकडं गेलात तर पॉलिहाऊस आणि कारखान्याच्या शेडमध्ये गल्लत होते, तिथं फुलशेतीचं पार्क आहे. दोन्ही पांढरे चकचकीत चौकोन. गुगल अर्थवर झूम करा, शेडपुढं रुंद रस्ता, ट्रक लावायची जागा असते, पॉलिहाऊसच्या एकसारख्या ओळी असतात. आणि इमेजची तारीख बघून लिहून ठेवा, झूम बदलला की तारीख बदलू शकते.

जुनी टोपोशीट, म्हणजे सर्व्हे ऑफ इंडियाचा छापील नकाशा, इमेजवर टाकल्यावर भामा नदी शेतातून वाहताना दिसली तर नदी सरकलेली नाही, जुन्या शीटचा डेटम, म्हणजे अक्षांश-रेखांश मोजायचा पाया, एव्हरेस्ट नावाचा आणि इमेजचा डब्ल्यूजीएस ८४ नावाचा, तो आधी जुळवून घ्या.

आणि एक गोष्ट जी कुठल्याच इमेजमध्ये नाही, मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. संपादन झालेल्या जमिनीवर कधी कधी पुढं काही वर्षं पीक घेतलं जातं, इमेजमध्ये ती हिरवी आणि कागदावर शेतकऱ्याची नाही. उलट उघडी दिसणारी जमीन अजून त्याच्याच नावावर असू शकते. म्हणून शंकेच्या प्रत्येक गटाचा सातबारा आणि फेरफार काढा, तो ऑनलाइन मिळतो, आणि तिथल्या माणसाला विचारा की शेवटचं पीक कोणत्या साली घेतलं.